धुळीचं माप

६ नोव्हेंबर

ताई,

अक्षर ओळखलंस का? हात थोडा कापतो, बाकी मीच आहे. तुझा पत्ता सूनबाईकडून घेतला. तिनं लगेच दिला नाही. "ताईंना विचारते आधी," म्हणाली. मग चार दिवसांनी एका चिठोऱ्यावर लिहून माझ्या उशाशी ठेवला आणि भांडी घासायला गेली. म्हणजे तू नाही म्हणाली नाहीस, एवढं मी धरून चालतो.

सहजच लिहितोय. एकोणीस वर्षं झाली तुला घर सोडून. तुझी आई गेली तेव्हा आली होतीस, बायकांमध्ये उभी होतीस, मी पाहिलं. माझं सगळ्यांशी बोलणं आटपून तुझ्याकडं येईपर्यंत तू निघून गेली होतीस.

इकडं सगळं ठीक. खाण बंद होऊन आठ वर्षं झाली. माणसांचा पिंजरा खाली सोडणारं ते मोठं चाक भंगारात गेलं. ते उतरवत होते तेव्हा अख्खी वस्ती बघायला जमली होती, एखाद्याला पोचवायला जमावी तशी. आपल्या ओळीत बावीस घरं होती, आता नवांत दिवा लागतो. त्यातल्या सहा घरांत एकट्या बायका. माझं काम मात्र संपत नाही. कुणाचा नळ, कुणाचा अर्ज, कुणाला दवाखान्यात न्यायचं. अजूनही सगळे "दादा, दादा" करत येतात. खाली उतरताना दिवे द्यायच्या खोलीवर होता ना, त्याची बायको, आपली दिवेवाली वहिनी, रोज सकाळी चहा घेऊन येते. नको म्हटलं तर रागावते.

धाकट्याला जरा खोकला आहे. हवा बदलली की होतो. उशा जास्त लागतात त्याला, बसूनच झोपतो म्हटलं तरी चालेल. काळजीचं कारण नाही. नात अकरावीत आहे. तुझ्यावर गेली आहे, एकदा मान फिरवली की फिरवली.

वेळ झाला तर दोन ओळी टाक. नाही झाला तरी राग नाही.

बाबा


२७ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही आलं. सूनबाई तुझ्याशी फोनवर बोलते हे मला कळलंय. मी खोलीत आलो की फोन ठेवते. तेव्हा धाकट्याचं तुला सगळं ठाऊक असणार आणि मी खोकला लिहिला तो वाचून तू हसली असशील. किंवा हसली नसशील.

तर खरं लिहितो. त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर लागतो. पलंगापासून दारापर्यंत नऊ पावलं आहेत, त्यात तो दोनदा थांबतो. पहिल्यांदा भिंतीला हात लावून, दुसऱ्यांदा खुर्चीला. चव्वेचाळीस वय. मी एक्क्याऐंशीचा म्हातारा त्याला शर्टात हात घालायला मदत करतो. शहरातल्या मोठ्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, दोन्ही बाजूंनी काळं आहे. तर हा म्हणतो, "मग उशीर कशाला, कोळसा खणायला घ्या. निम्मा वाटा माझा." डॉक्टरला हसावं की काय करावं कळेना. रिक्षात बसल्यावर मात्र त्यानं माझा हात धरला होता, घर येईपर्यंत सोडला नाही.

तू येशील का? दवाखान्यातलं काम तुझ्या हाताला माहीत आहे. सूनबाई करते जिवापाड, पण घाबरते.

माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर ठेव. आणि रागाचंही एकदा बोलूच. मी या लोकांसाठी काय कमी केलं? पंधराव्या वर्षी खाली उतरलो, सत्तेचाळीस वर्षांनी वर आलो. छत कोसळून तीन जण अडकले तेव्हा एकाचा पाय दगडाखाली होता. टेकू करकरत होते, सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं, मी नाही झालो. सहा तास त्याच्या तोंडाजवळ पाण्याचा डबा धरून पडून राहिलो, त्याला त्याच्या पोरांची नावं परत परत विचारत राहिलो, झोपू नये म्हणून. तो अजून आहे. काठी टेकत येतो. शाळेची दुसरी खोली कुणी उभी केली? संपात अकरा आठवडे चूल कुणाची बंद पडू दिली नाही? तुझी आई म्हणायची, "तुम्हाला घरचं पोर आजारी पडलं तर शेजाऱ्यानं येऊन सांगावं लागतं." म्हणायची, पण तिला अभिमान होता.

आणखी एक. दिवेवालीनं आणि बाकीच्या बायकांनी पुन्हा अर्ज केलाय. खाणीच्या धुळीनं आमची माणसं गेली, आमचं म्हणणं नव्यानं ऐका, असा. फेब्रुवारीत सुनावणी आहे. धाकट्याचंही नाव आहे त्यात. साक्षीला मीच हवा, असं सगळ्यांनी एका तोंडानं ठरवलं. मी हो म्हणालो. नाही कसा म्हणणार?

बाबा


१८ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "यंत्र कुठं टांगत होता ते आधी लिहा, मग बोलू." बापाला असं लिहितात? मी तो कागद फाडला. मग तुकडे उचलून ठेवले, कारण एकोणीस वर्षांत तुझ्या हातचं तेवढंच आहे माझ्याकडं.

तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. आज लिहितो.

धूळ मोजायचं यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. आत छोटा पंप, तोंडाशी पांढरा कागद. पाळीभर ती हवा ओढते, कागदावर धूळ बसते, मग कागद वजनाला जातो. नियम असा की पेटी जिथं कोळसा फोडतात तिथं, माणसाच्या नाकाच्या उंचीवर टांगायची. कामगारांच्या वतीनं ते काम माझ्याकडं आलं तेव्हा मी एकोणचाळीसचा होतो. जुन्या ओल्या थरात, जिथं धूळ उडायची नाही, तिथलं कोळसा फोडणं सुटलं, पेटी आणि वही हातात आली. युनियननं एकमतानं निवडलं. दादा आहे म्हणजे लबाडी नाही, असं सभेत कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या.

पहिली तीन मापं मी खरी घेतली. कागद काळे ठिक्कर. तपासणीवाले आले, म्हणाले, पुढचं माप असंच निघालं तर कोळशाचा हा थर बंद. पाण्याचे फवारे मारायची सोय करा, नवा पंखा बसवा, मगच उघडा. मॅनेजरनं मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"दादा," म्हणाला, "मालक पंखा बसवणार नाहीत. ते टाळं लावून मोकळे होतील. सहाशे घरं आहेत. मी तुम्हाला काही करा म्हणत नाही. यंत्र कुठं टांगायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

झालं, एवढंच. दम दिला नाही, काही देऊ केलं नाही. काही दिलं असतं तर मी ते त्याच्या तोंडावर फेकलं असतं, ताई, आणि सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी पेटी पन्नास पावलं मागं टांगली. वळणापाशी, जिथं वरची ताजी हवा उतरते. तिथं उभं राहिलं की कपाळावरचा घाम वाळायचा. कागद नुसता राखाडी निघाला. थर चालू राहिला. त्या संध्याकाळी ओळीतून घरी येताना प्रत्येक खिडकीत दिवा होता आणि मला वाटलं, हे सगळे मी लावलेत.

म्हटलं, एकदाच. तेवीस वर्षं टांगत होतो.

तू खाणीच्या दवाखान्यात फोटो काढायच्या खोलीत लागलीस तेव्हा मला आनंद झाला होता. तुला दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धुळीची चौकशी लागली आणि तू चादरीत गुंडाळून आणलेले बावीस फोटो टेबलावर मांडलेस, एकेकावर बोट ठेवून माणसाचं नाव घेतलंस. "धूळ एवढी कमी होती तर ह्या छात्या अशा कशा?" भर सभेत तुझा आवाज जराही हलला नाही. मग मला उभं केलं. मी म्हणालो, माप मी स्वतः घेतलंय, धूळ नियमात आहे. कामगारांचाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर पुढं काय राहिलं? तुझी नोकरी गेली. घरी येऊन मी तुलाच म्हणालो, "सहाशे घरांत अंधार करायला निघालीस?" तू बॅग भरत होतीस. धाकटा दारात उभा होता, पंचवीस वर्षांचा, सहा वर्षं खाली काम केलेला.

तेव्हा मला कळत होतं का, असं तू विचारशील. कळत होतं.

बाबा


११ जानेवारी

ताई,

तुला लिहिल्यावर धाकट्यापासून लपवणं जमेना. रविवारी दुपारी सूनबाई आणि नात औषधं आणायला गेल्या होत्या. मी त्याच्या पलंगापाशी स्टूल ओढलं.

म्हणालो, "तुला एक सांगायचंय. धुळीच्या यंत्राचं."

त्यानं नळी नाकावर नीट बसवली. "वळणापाशी टांगायचात ते?"

मी स्टुलावरून अर्धा उठलो.

"बाबा, पहिल्या वर्षी मला तुमच्याबरोबर दिलं होतं. विसरलात? पेटी मीच टांगली आहे दोनदा. मी पुढं घेऊन चाललो होतो, तर तुम्ही म्हणालात, इथंच अडकव, पुढं कशाला तडफडतोस."

खरं सांगतो ताई, मी विसरलो होतो. तेवीस वर्षांतलं एकेक माप आठवतं, हे नाही आठवत. माझ्या पोराच्या हातून मी ते करून घेतलं आणि मला आठवतसुद्धा नाही.

"मग बोलला का नाहीस रे?"

"कुणाला बोलू?" तो थांबला, श्वास गोळा केला. आता एका वाक्याला त्याला दोनतीनदा थांबावं लागतं. "ताईनं विचारलं होतं. चौकशीच्या आदल्या दिवशी. म्हणाली, तू बाबांच्या मागं मागं असायचास, खरं सांग, पेटी कुठं असते? मी म्हणालो, मला काय माहीत."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच असं नाही. सगळे तुम्हाला दादा म्हणायचे. मी दादाचा मुलगा होतो. मला ते आवडायचं."

मग डोळे मिटून म्हणाला, "ताईला एवढं कळवा. मला फोनवर जमत नाही, रडायला येतं आणि रडलं की श्वास जातो."

म्हणून कळवतो. त्याचा राग करू नकोस. मी त्याला म्हणालो, सुनावणीत मी खरं सांगणार. त्यावर म्हणतो, "सांगा. पण माझं नाव नका घेऊ. पोरीनं ऐकायला नको." नाव घेणार नाही. तुझ्या पायावर डोकं ठेवतो, तूही कुणाला सांगू नकोस.

बाबा


५ फेब्रुवारी

ताई,

सुनावणी झाली.

शाळेच्या दुसऱ्या खोलीत होती. बाकं मुलांची, त्यामुळं सगळ्या बायकांचे गुडघे वर आलेले. अधिकारी तरुण होता, चांगला होता, मला "बसूनच सांगा" म्हणाला. मी उभा राहिलो. पहिल्या बाकावर दिवेवाली होती, माझ्यासाठी पाण्याचा पेला झाकून ठेवलेला.

मी सांगितलं. मापं खोटी आहेत, पेटी मी ताज्या हवेत टांगत होतो, पहिली तीन सोडली तर सगळी.

अधिकाऱ्यानं वही उलटून माझ्यापुढं धरली. "ही सही तुमची?"

"माझी."

"प्रत्येक पानावर खाली लिहिलंय, माप योग्य जागी घेतलं. तेही तुमचंच अक्षर?"

"माझंच."

"एकोणीस वर्षांपूर्वी चौकशीत तुम्ही हेच शपथेवर सांगितलंत. आज उलट सांगताय. तुमचा मुलगा आजारी आहे आणि त्याचा अर्ज याच ढिगात आहे. मी कोणतं खरं मानू?"

मी म्हणालो, "आजचं माना साहेब. आज मला काय मिळवायचंय?"

तो खाली बघून लिहीत राहिला. मग हळूच म्हणाला की मालकांची कंपनी बुडीत निघाली आहे, तेव्हाचा मॅनेजर हयात नाही, साक्षीला दुसरं कुणी नाही. खोटं सांगितलं असं स्वतः कबूल करणाऱ्या माणसाच्या शब्दावर त्याला निकाल फिरवता येत नाही. धूळ नियमात होती, हेच कागदावर राहणार. दुसरं कुणी सांगणारं आहे का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी नाही म्हणालो. शब्द दिला होता. शिवाय धाकट्याला पलंगावरून उठवून तिथं आणायचं कसं?

म्हणजे बघ, मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं बोललो तर ते कुणाच्या उपयोगाला आलं नाही. उलट बायकांचा उरलासुरला दावाही माझ्यामुळं पडला. मी गप्प बसलो असतो तर नुसत्या फोटोंवर काहीतरी झालं असतं, असं काठीवाला मला बाहेर ओरडून म्हणाला. ज्याच्या तोंडाशी पाणी धरलं होतं तोच. "तिथंच मरू द्यायचं होतंत मला," म्हणाला. बाकी कुणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं.

दिवेवाली शेवटी उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, आमच्या यांना तुम्ही खांदा दिला होतात." मी मान हलवली. "पुढचा," ती म्हणाली. "पुढचा खांदा तुमचा होता." आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून चहा आला नाही. मी स्वतः करून घेतो, जमतो मला.

सुनावणीत काय झालं ते धाकट्याला मी सांगितलं नाही. नातीनं सांगितलं. ती शाळेच्या खिडकीशी उभी राहून सगळं ऐकत होती.

ताई, आता तरी ये. तो आता नऊ पावलंही टाकत नाही.

बाबा


२ एप्रिल

ताई,

तू येऊन गेलीस त्याला तीन आठवडे झाले. तू सात दिवस होतीस. त्या सात दिवसांत माझ्याशी चारदा बोललीस, मी मोजलंय: पाणी उकळलं का, उशी इकडं द्या, बाजूला व्हा, आणि शेवटचं, "गेला." मी तक्रार करत नाही. त्याला तुझ्या हातावर डोकं ठेवून झोपलेला पाहिला. आडवा झोपला होता. वर्षभरात मी त्याला आडवं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तू त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलंस आणि तो हसला, तेव्हा मी दारातून मागं सरलो. ते माझ्यासाठी नव्हतं.

पोचवायला माणसं आली. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. मी खांद्याला पुढं झालो तर काठीवाल्याच्या मुलानं माझा हात हळूच बाजूला केला. रागानं नाही केला. म्हातारा आहे, सोसणार नाही, असं दाखवून केला. मी मागून चालत गेलो.

सूनबाई आणि नात तुझ्याबरोबर गेल्या ते बरं झालं. मला आधी सांगितलं नाहीत, बॅगा बघून कळलं. नातीला नमस्कार करायचा नव्हता, सूनबाई ढकलत होती, मी म्हणालो राहू दे. तिला तुझ्याकडं शिकव. दवाखान्याचं काम नको म्हणू नकोस तिला, आवड असेल तर.

घर मोठं वाटत नाही, लोक म्हणतात तसं. उलट लहान झालंय. इकडून तिकडं गेलो की भिंत येते.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. परवा सुनावणीच्या ऑफिसनं एक डॉक्टरीण पाठवली होती, गाडीत मशिन घालून. खाणीतली जी म्हातारी माणसं उरली आहेत त्यांची छाती तपासायला. आम्ही सात जण होतो. शाळेपुढं रांग लावली. माझ्या पुढच्यानं दोन पावलांची जागा सोडली होती, मागच्यानंही. आपापल्या माणसांना घेऊन आलेल्या बायका कट्ट्यावर बसल्या होत्या. दिवेवाली काठीवाल्याची औषधाची पिशवी सांभाळत होती.

सगळ्यांचं झालं. काठीवाल्याला ती पोरगी हळू आवाजात काहीतरी समजावत होती, त्याची सून तोंडाला पदर लावून ऐकत होती. मग माझी पाळी. फोटो काढला, पाठीला नळी लावली, जोरात श्वास घ्या, सोडा, परत घ्या. तिनं फोटो दोनदा पाहिला. मग मोठ्यानं म्हणाली, तिला वाटलं चांगली बातमी आहे, आणि म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असेल:

"आजोबा, छाती अगदी स्वच्छ आहे हो तुमची! खाणीत होता असं वाटतच नाही. काय करत होता खाली?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सदऱ्याची बटणं लावत होतो, शेवटचं लागेना.

म्हणालो, "धूळ मोजायचो."

"अरे वा," ती म्हणाली, आणि कागदावर शिक्का मारला. "काळजीच नको. आरामात शंभरी गाठाल."

मी तो कागद घेऊन घरी आलो. तेवीस वर्षं पेटी जिथं टांगत होतो तिथंच मी उभा राहायचो, ताई. पाळीभर. त्याच हवेत. माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण माझ्या शपथेचं काय ते तुला माहीत आहे.

उत्तर नको. तब्येत चांगली आहे. भूक लागते, झोप लागते, सकाळी आपोआप जाग येते. श्वास आत जातो, बाहेर येतो, कुठंही अडत नाही.

बाबा